ठाणे–नवी मुंबईच्या हिवाळ्यात बागेतील तळे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचे दिवे विझले की तळ्यांविषयी प्रश्न येऊ लागतात आणि होळीपर्यंत येत राहतात. येऊरच्या पायथ्याजवळच्या आमच्या सोसायटीत साधारण दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि दोन फूट खोल असे एक छोटे तळे आहे. त्याची देखभाल करताना जे कळले आणि शेजारीपाजारी, घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलांतून, वाशी–नेरूळच्या रो-हाउसमधून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आपल्याकडे तळ्याला हिवाळा जाणवण्याइतकी थंडी पडते तरी का?

थंडी फारशी पडत नाही, परंतु हिवाळा असतो. जानेवारीत ठाण्यात पहाटेचे तापमान साधारणपणे १६ ते १८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते, एखाद्या आठवड्यात त्याहूनही खाली जाते, आणि त्याच दिवशी दुपारी पारा तिशीपार गेलेला असतो. पाणी हवेइतक्या झपाट्याने तापत किंवा निवत नाही, त्यामुळे दोन फूट खोलीच्या तळ्यातील माशांना हा चढउतार सौम्य होऊन पोहोचतो. वीतभर खोलीच्या कुंडातील माशांना मात्र तो जवळजवळ जसाच्या तसा सोसावा लागतो. खरा फरक पडतो तो कोरडेपणाचा. पूर्वेकडून येणारे कोरडे वारे पाणी उडवतात, महिनोन्महिने पाऊस नसल्याने ताजे पाणी आपोआप मिळत नाही, झाडे पाने गाळतात आणि चोहीकडच्या बांधकामांची धूळ पाण्यावर बसते. आपल्या तळ्याचा हिवाळा तो हा.

२. बर्फ जमू नये म्हणून पाण्यात चेंडू सोडावा, दहा अंशांखाली माशांना खाणे देऊ नये, असे व्हिडिओत सांगतात. ते येथे करावे का?

नाही. तो सल्ला जेथे तळी गोठतात त्या देशांसाठी आहे आणि तेथे तो योग्यच आहे. आमच्या तळ्यात जानेवारीच्या पहाटे थर्मामीटर १९–२० अंश दाखवतो. एवढ्या तापमानात मासे मंदावतात, पण त्यांची पचनक्रिया थांबत नाही. खाण्याविषयी प्रश्न १० पाहावा.

३. पाणी दर आठवड्याला खाली जाते. तळे गळते आहे की पाणी उडते आहे, आणि भर कशी घालावी?

आधी गळती आहे की नाही ते पाहावे. एक बादली तळ्याच्याच पाण्याने भरून पायरीवर अर्धी बुडेल अशी ठेवावी आणि बादलीच्या आत व बाहेर दोन्हीकडे पाण्याची पातळी खुणेने नोंदवावी. चार दिवसांनी दोन्ही खुणांपासून पाणी सारखेच उतरले असेल, तर ते केवळ बाष्पीभवन आहे. तळ्याची पातळी बादलीपेक्षा जास्त उतरली असेल, तर सिमेंटची भेग किंवा शेततळ्याच्या कागदाचा, म्हणजे प्लॅस्टिकच्या अस्तराचा, सांधा शोधायला लागावे.

हिवाळ्यात आठवड्याला दोन-तीन सेंटिमीटर पाणी उडणे सामान्य आहे. आमच्या मापाच्या तळ्यात तीन सेंटिमीटर म्हणजे ९० लिटर, सहा बादल्या झाल्या. हे पाणी नळाचे असेल तर त्यात क्लोरीन असते. ठाण्याला येणारे भातसा-उल्हासचे पाणी असो वा नवी मुंबईला येणारे मोरबे धरणाचे, शुद्धीकरण केंद्रातून ते क्लोरीनयुक्त होऊनच निघते. पाणी उघड्या पिंपात एक दिवस उन्हात ठेवले की क्लोरीन बहुतांशी उडून जातो. तेवढी सवड नसल्यास माशांच्या दुकानात मिळणारे क्लोरीननाशक, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, पाकिटावरील प्रमाणात वापरावे. एका वेळी तळ्याच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त पाणी घालू नये.

टँकरचे पाणी कोठून आले हे बहुधा कोणी सांगत नाही, म्हणून ते आधी पिंपात साठवून, वास पाहून, चार गप्पी माशांवर एक दिवस तपासून मगच वापरावे. नवी मुंबईच्या खाडीलगतच्या वसाहतींत (नोडमध्ये) बोअरवेलचे पाणी मचूळ असण्याची शक्यता असते. जिभेला खारट लागले तर ते लिली असलेल्या तळ्यात घालू नये. पाणी उडते तेव्हा क्षार मागेच राहतात, आणि मचूळ पाण्याची भर पडत गेली की मार्चपर्यंत ते पुष्कळ साठलेले असतात.

४. तळे पूर्ण रिकामे करून स्वच्छ करण्यासाठी हिवाळा योग्य का?

स्वच्छ करण्यासाठी योग्य, पूर्ण रिकामे करण्यासाठी नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस ते डिसेंबरात पावसाळ्यातला गाळ बसलेला असतो, बहुतेक बेडकांची वीण केव्हाच आटोपलेली असते आणि थंड पाण्यात प्राणवायू जास्त मुरतो, म्हणून हाताळणीचा ताण माशांना कमी जाणवतो. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना सुमारे साडेसात.

पहिल्या वर्षी मी हौसेने सारे तळे उपसले, तळ व भिंती ब्रशने घासून लख्ख केल्या, संध्याकाळी सोसायटीच्या टाकीतले ताजे पाणी भरले आणि मासे परत सोडले. सकाळी अकरा मासे उलटे तरंगत होते. क्लोरीन होताच, शिवाय माशांच्या मलमूत्रातला अमोनिया पचवणारे जिवाणू ज्या गाळात आणि बुळबुळीत थरात राहतात तो सर्व मी गटारात सोडला होता. तेव्हापासून नियम असा : तळ्याचा एकच अर्धा भाग आज, उरलेला महिनाभराने, गाळ काढायचा तो निम्माच, आणि उपसलेल्या वनस्पती व गाळ रात्रभर काठावरच, पाण्याला लागून, पसरून ठेवायचा. सकाळपर्यंत गोगलगायी, चतुरांची पिल्ले आणि पाणकिडे त्यातून सरपटत पाण्यात परततात. उरलेला गाळ गुलाबाच्या आळ्यात घालावा; त्यासारखे खत नाही.

५. देशी बदामाची लाल पाने आणि पर्जन्यवृक्षाचा पाचोळा सतत पडतो. जाळी लावावी का?

बदाम हिवाळ्यात लाल होऊन पाने टाकतो, आणि पर्जन्यवृक्ष थोडा मागून, फेब्रुवारी–मार्चच्या सुमारास, बारीक पाने आणि चिकट शेंगा दोन्ही टाकतो. बदामाची दोन-चार पाने पाण्यात असणे वाईट नाही. त्यांतील टॅनिनमुळे पाणी चहासारखे फिकट तपकिरी होते, ते माशांना मानवते आणि हौशी मत्स्यपालक तीच पाने दुकानातून विकत घेतात. ढीग साचू देणे मात्र धोक्याचे, कारण पाने कुजताना प्राणवायू खातात आणि तळाशी काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा गाळ होतो.

दररोज सकाळी लांब दांड्याच्या गाळणीने वरची पाने काढणे हा सर्वांत चांगला उपाय. जाळीच लावायची असेल तर ती बोटभर छिद्रांची, जाड दोऱ्याची, पाण्यापासून फूटभर उंच आणि ताणून बांधलेली असावी. पातळ नायलॉनची सैल जाळी पाण्यावर अंथरू नये; तिच्यात विरोळा साप, बुलबुल, कधी खारही अडकते. संक्रांतीनंतर तळ्यावरच्या फांद्यांतून लोंबणारा मांजा आवर्जून काढून टाकावा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली आहे, तरी तो झाडावर सापडतोच.

६. कमळाची पाने पिवळी पडली आणि लिलीला फुले येत नाहीत. झाड मेले का?

कमळ मेलेले नाही, झोपले आहे. नोव्हेंबरपासून त्याची पाने कडेने करपू लागतात आणि चिखलातला कंद विश्रांती घेतो. पूर्ण वाळलेली पानेच कापावीत, तीही देठ पाण्याच्या वर राहील अशा बेताने. पोकळ देठ पाण्याखाली कापल्यास त्यातून पाणी शिरून कंद कुजू शकतो. कुंडी बदलणे, कंद विभागणे आणि खत घालणे ही कामे फेब्रुवारीच्या उत्तरार्धासाठी ठेवावीत.

लिलीचे कारण बहुधा निराळे असते. ती आपल्या हवेत थंडीतही थोडीफार फुलते, फक्त तिला रोज पाच-सहा तास ऊन हवे, आणि ते हिवाळ्यात मध्येच हरवते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ठाण्याच्या अक्षांशावर भर दुपारी सूर्य क्षितिजापासून केवळ ४७ अंशांवर असतो, म्हणून इमारतीची सावली उत्तरेकडे जवळजवळ तिच्या उंचीइतकी लांब पडते. ६० मीटरच्या वीस मजली मनोऱ्याची सुमारे ५५ मीटर. मे महिन्यात जे तळे दिवसभर उन्हात तळपत होते, तेच दक्षिणेकडील नव्या मनोऱ्यामुळे डिसेंबरात दुपारभर सावलीत जाते. खते बदलण्यापूर्वी एखाद्या रविवारी दर तासाला ऊन कोठे पडते ते पाहून घ्यावे. कुंडी उचलून दोन-तीन मीटर सरकवणे पुष्कळदा पुरते.

७. लिलीची पाने कमी झाल्यापासून पाणी वाटाण्याच्या आमटीसारखे हिरवे झाले आहे. औषध घालावे का?

घालू नये. पाने विरळ झाल्याने ऊन थेट पाण्यात उतरते, ढगही नसतात, आणि जास्तीच्या खाद्याने पाण्यात पोषकद्रव्ये साठलेली असतातच. सूक्ष्म शेवाळाला आणखी काय हवे? शेवाळनाशकाने ते एकदम मरते, कुजते आणि प्राणवायू संपवते. खाद्य निम्मे करावे, पृष्ठभागाचा एक तृतीयांश भाग गोंडाळ किंवा तत्सम तरंगत्या वनस्पतीने झाकावा आणि तीन आठवडे थांबावे. हिरव्या पाण्याने मासे मरत नाहीत. हाताची ओंजळ कोपरभर बुडवल्यावर बोटे दिसत असतील, तर काहीच करू नये.

पाण्यावर धुळीचा किंवा तेलकट तवंग असेल तर वर्तमानपत्राचा एक उलगडलेला कागद अलगद पसरून एका कडेने उचलावा. तवंग कागदाबरोबर निघून येतो. दोन-तीन कागदांत पाणी आरशासारखे होते.

८. तळ्यामुळे डेंग्यू, मलेरिया होईल अशी तक्रार शेजारी करतात. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का?

तक्रार निराधार नाही, म्हणून तिला चिडून उत्तर देऊ नये. डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आपल्या हवेत आठ ते दहा दिवस पुरतात, थंडीत थोडे जास्त. मलेरियाचा ॲनोफिलिस स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि डेंग्यूचा एडिस लहान भांड्यांत. ज्या तळ्यात मासे आणि चतुरांची पिल्ले आहेत तेथे अळ्यांचा निभाव लागत नाही. डास होतात ते तळ्याच्या आसपास, उपड्या न ठेवलेल्या कुंडीत, पंपाच्या खड्ड्यात, प्लॅस्टिकच्या झाकणाच्या खोलगट भागात आणि कारंज्याच्या बंद पडलेल्या वाडग्यात. आठवड्यातून एक दिवस हे सर्व पालथे घालून कोरडे करावे.

तपासणी सोपी आहे. संध्याकाळी पांढऱ्या वाडग्याने तळ्याच्या चार कडांचे, विशेषतः गवताळ कोपऱ्यांचे, पाणी उचलून पाहावे. डोके खाली करून लोंबकळणाऱ्या अळ्या क्युलेक्स किंवा एडिसच्या असतात, पृष्ठभागाला समांतर पडून राहणाऱ्या ॲनोफिलिसच्या. एकही अळी सापडली तर तेथपर्यंत मासे पोहोचत नाहीत असा अर्थ घ्यावा आणि तो कोपरा मोकळा करावा.

आमच्या मापाच्या तळ्याला पंधरा-वीस गप्पी पुरतात. गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेचे. बंदिस्त तळ्यापुरते ते ठीक आहेत, पण येऊरच्या ओढ्यात किंवा उपवन तलावात सोडण्याचे नव्हेत. डोक्यावर चमकता ठिपका असलेला किलीफिश हा लहान देशी मासा मिळाल्यास तो अधिक चांगला : तो पृष्ठभागालगतच राहतो आणि अळ्या तेथेच असतात.

९. महापालिकेचे फवारणी कर्मचारी तळ्यात औषध किंवा तेल टाकायला निघाले तर काय करावे?

त्यांचे काम अडवू नये, त्यांना तळे दाखवावे. विजेरीच्या उजेडात फिरणारे मासे आणि वर सांगितलेला पांढरा वाडगा पाहून बहुतेक जण समजून घेतात. तेलाचा थर दिल्यास पृष्ठभागावर येऊन श्वास घेणारे पाणकिडे अळ्यांबरोबरच मरतात, आणि काही रासायनिक अळीनाशके चतुरांच्या पिल्लांनाही सोडत नाहीत; म्हणजे डास खाणारेच मरतात आणि पंधरवड्याने डास परततात. काहीतरी टाकणे अपरिहार्यच असेल तर बीटीआय या जिवाणूजन्य अळीनाशकाची विनंती करावी. ते डासांच्या आणि त्यांच्या काही जवळच्या नातलगांच्या अळ्यांवरच चालते, माशांना व बेडकांना बाधत नाही. अळ्या खरोखरच सापडल्या आणि नोटीस मिळाली, तर मात्र चूक आपली आहे हे मान्य करावे.

१०. कोई आणि गोल्डफिश सकाळी तळाशी स्वस्थ बसतात आणि खात नाहीत. आजारी आहेत का?

सकाळी सात वाजता खायला घातले तर खाणार नाहीत. दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान, पाणी उबदार झाल्यावर, दिवसातून एकदाच आणि दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. उरलेले लगेच काढावे. पावाचे तुकडे, भात आणि फरसाण कोणत्याच ऋतूत देऊ नये; सोसायटीच्या तळ्यावर तशी पाटी लावावी लागते आणि तरी लहान मुलांच्या आज्या पोळी कुस्करून टाकतातच. दुपारी उन्हातही मासा खात नसेल, पंख मिटून एकटा पडत असेल किंवा अंग दगडाला घासत असेल, तर प्रश्न ११ पाहावा.

११. माशांच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके आले आहेत.

हा इक नावाचा परजीवी आहे. दिवस-रात्रीच्या तापमानातील फरकाने आणि नव्या आणलेल्या माशांबरोबर तो हिवाळ्यात डोके वर काढतो. ठिपके असलेले मासे वेगळ्या टबात घ्यावेत आणि लिटरमागे ३ ग्रॅम या प्रमाणात, ३० लिटरच्या टबात ९० ग्रॅम, आयोडीन नसलेले खडे मीठ तीन हप्त्यांत दीड दिवसात विरघळवावे. टबात हवेचा दगड, म्हणजे पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड, चालू ठेवावा. ठिपके गेल्यावर लगेच थांबू नये, कारण थंड पाण्यात परजीवीचे चक्र लांबते. आणखी किमान दोन आठवडे उपचार ठेवावा. मीठ मुख्य तळ्यात घालू नये, लिली व गोगलगायींना ते सोसत नाही. नवे मासे आणायचेच असतील तर जानेवारी टाळून मार्चमध्ये आणावेत.

१२. विजेची बचत म्हणून पंप रात्री बंद ठेवला तर चालेल का?

बंद ठेवायचाच असेल तर दिवसा ठेवावा. दिवसा वनस्पती प्राणवायू देतात, रात्री त्याही तो घेतात, म्हणून पाण्यातला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर हेच कारण. मासे मोजकेच असलेल्या, वनस्पतींनी भरलेल्या तळ्याला हिवाळ्यात पंपाची गरजच नसते.

१३. पावसाळ्यात एवढे ओरडणारे बेडूक आता कोठे गेले?

बहुतेक तेथेच आहेत. मोठे बेडूक ओल्या मातीत, तळ्याच्या काठच्या चिखलात किंवा कुंड्यांखाली गारव्याला दडून कोरडे महिने काढतात. भेक विटांच्या ढिगात आणि झाडांच्या मुळांशी बसतात. काठावर बसून, चाहूल लागताच पाण्यावरून टपटप उड्या मारत जाणारा लहान बेडूक मात्र बारमाही पाण्यात वर्षभर दिसतो. म्हणूनच काठाचा एक कोपरा, हातभर का होईना, न खणता, न झाडता, दगड आणि पाचोळ्यासह तसाच सोडावा, आणि कुंडी उचलताना खाली पाहावे.

झाडबेडूक ओलाव्यासाठी घरात, बहुधा न्हाणीघरात येतो. तो विषारी नाही. ओल्या हाताने किंवा वाडग्याने पकडून बाहेरच्या दाट झुडपात ठेवावा. तळ्यात सोडण्याची गरज नाही, तो पोहण्यापेक्षा भिंत चढण्यात तरबेज आहे.

१४. ऑक्टोबरात चतुरांचे थवे होते, आता एखाद-दुसराच दिसतो. पाणी बिघडले का?

पाण्याचा संबंध नाही. पावसाळ्यानंतर दिसणाऱ्या त्या पिवळसर चतुरांच्या थव्यांत पँटाला फ्लेवेसन्स ही जात प्रमुख असते आणि ती भारतातून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेकडे समुद्र ओलांडून जाते, असे अभ्यासक मानतात. स्थानिक जाती कमी संख्येने राहतात, आणि त्यांची पिल्ले गाळात किंवा पाणवनस्पतींत शिकार करत वाढत असतात. लव्हाळ्याच्या काड्या हिवाळ्यात मुळापासून कापू नयेत. त्यांवरच चढून पिल्ले पहाटे कात टाकतात. काडीला चिकटलेले, पाठीवर फाटलेले कागदी कवच आढळले तर तळे निरोगी आहे असे खुशाल समजावे.

१५. बगळा रोज येऊन मासे खातो. त्याला कसे रोखावे?

पहाटे येतो तो बहुधा वंचक, म्हणजे ढोकरी : काठावर मातकट, उडाला की पांढराशुभ्र. अंधारात मासे नाहीसे होत असतील तर खाडीकडून येणारा रातबगळा असावा. दोघेही उथळ पाण्यात उभे राहून शिकार करतात, म्हणून काठाशी एकदम दीड-दोन फूट खोली असलेल्या तळ्यात त्यांचे फारसे चालत नाही. तळाशी मातीच्या पाइपाचे तुकडे ठेवावेत, लिलीची पाने विरळ झाली असतील तेथे तरंगत्या वनस्पतींचे आच्छादन द्यावे. काठापासून फूटभर अंतरावर, गुडघ्याच्या उंचीला, जाड आणि स्पष्ट दिसणारी दोरी बांधल्यास चालत येणारा पक्षी बिचकतो. प्लॅस्टिकचा बगळा ठेवण्याचा उपाय आम्ही केला. आठवडाभराने खरा त्याच्या शेजारीच उभा होता.

महागडे कोई पाळायचे असतील तर ताणलेली जाळी (प्रश्न ५) हाच मार्ग आहे. गप्पींचे तळे असेल तर बगळ्याला त्याचा वाटा घेऊ द्यावा.

१६. कोणते पाहुणे पक्षी तळ्यावर येतील? फ्लेमिंगो येतील का?

फ्लेमिंगो येणार नाहीत. त्यांना ठाणे खाडीच्या चिखलाटीवरचे सूक्ष्म शेवाळ आणि बारीक जीव गाळून खायचे असतात. त्या खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला तो उगीच नव्हे. थकलेला किंवा दिव्यांनी भांबावलेला एखादा पक्षी आवारात उतरलाच, तर गर्दी हटवावी आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

तळ्यावर येतो तो करडा धोबी, शेपूट सतत वरखाली हलवत, काठाकाठाने. तो हिमालयाकडून आलेला असतो आणि एप्रिलपर्यंत राहतो. येऊरजवळच्या बागांत स्वर्गीय नर्तक दुपारी पाण्यात सूर मारून फांदीवर परतताना दिसतो. बुलबुल, दयाळ, नाचण आणि शिंजीर अंघोळीला येतात. त्यांच्यासाठी एका कडेला दोन-तीन सेंटिमीटर खोलीचा, खडबडीत दगडाचा उथळ उतार हवा. गुळगुळीत टाइल्सवर त्यांचे पाय ठरत नाहीत. जवळच मांजर दडू शकेल असे झुडूप नको.

१७. तळ्यात साप दिसला. सर्पमित्राला बोलवावे का?

पिवळसर-करड्या अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे ठिपके असलेला आणि पाण्यात चपळ असा साप बहुधा विरोळा असतो. तो बिनविषारी आहे, मात्र डिवचल्यास कडकडून चावतो. हिवाळ्यात तो सकाळी काठावर ऊन घेत पडतो, म्हणून एरवीपेक्षा जास्त दिसतो. दूर राहावे, तो आपणहून जातो. ओळख पटत नसेल, किंवा साप घराच्या दाराकडे, मुलांच्या खेळण्याच्या जागेकडे आला असेल, तर प्रश्न १६ मधील क्रमांकावर फोन करावा. मारणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो.

१८. तळ्यात दिवे सोडणे, निर्माल्य टाकणे किंवा माघी गणपतीचे विसर्जन करणे चालेल का?

चालणार नाही. पणतीतले तेल सांडले की पाण्यावर पातळ थर पसरतो. हवा व पाणी यांतली देवाणघेवाण मंदावते. देवदिवाळीला दिवे हवेतच, तर तळ्याशेजारी पाणी भरलेले पितळी घंगाळ ठेवून त्यात सोडावेत. प्रतिबिंब तळ्यात पडतेच. झेंडूच्या माळा कुजून पाणी नासवतात. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती विरघळत नाही, आणि शाडूची विरघळते ती माशांच्या कल्ल्यांत जाते. शाडूची मूर्ती बादलीत विसर्जित करून ती माती बागेत घालणे घरच्या घरी होते.

१९. आमच्याकडे तळे नाही, बाल्कनीत लिलीचे कुंड आहे. हेच नियम लागू होतात का?

बरेचसे. मात्र कुंड लवकर तापते आणि लवकर निवते (प्रश्न १), म्हणून ते भिंतीला लागून ठेवावे. कुंडाचा खरा धोका वेगळाच आहे. एडिस डास पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीवर अंडी चिकटवतो. ही अंडी कोरडी राहूनही महिनोन्महिने जिवंत असतात. हिवाळ्यात पातळी उतरते, अंडी कोरड्या भिंतीवर राहतात, आणि आपण भर घालतो त्या दिवशी ती सगळी एकदम बुडून फुटतात. म्हणून पाणी घालण्यापूर्वी कुंडाची आतली उघडी भिंत काथ्याने खरवडून धुवावी आणि ते धुण्याचे पाणी कोरड्या मातीत ओतावे. सोबत दोन-तीन गप्पी असावेत.

२०. तळ्यात कोणीतरी कासव सोडून गेले आहे. जवळच्या तलावात नेऊन सोडावे का?

कोणत्याही तलावात सोडू नये. डोळ्यांमागे लाल पट्टा असेल तर ते परदेशी लाल-कानी कासव आहे. लोक ते नाण्याएवढे असताना घेतात आणि ताटाएवढे झाल्यावर टाकून देतात. मासुंद्यात किंवा उपवनात सोडल्यास ते देशी प्राण्यांच्या तोंडचा घास काढून घेते. लाल पट्टा नसेल आणि पाठ कातड्यासारखी मऊ असेल, तर ते देशी कासव असण्याची शक्यता आहे. ते संरक्षित आहे, पाळणे बेकायदा आहे. दोन्ही बाबतींत वन विभागाला कळवावे. ‘तळे साफ करणारा’ म्हणून विकला जाणारा सकर मासा आणि उपटलेली जलपर्णी यांनाही तलावाचा रस्ता दाखवू नये. जलपर्णी उन्हात पूर्ण वाळवून खतात घालावी.

२१. नाताळच्या सुट्टीत तीन आठवडे गावी जाणार आहोत. माशांचे काय करावे?

शेजाऱ्यांना खाद्याचा डबा देऊ नये. प्रेमापोटी ते रोज मूठभर टाकतात, आणि परतल्यावर पाणी दुधाळ झालेले आढळते. वनस्पती, शेवाळ आणि किडे असलेल्या जुन्या तळ्यात निरोगी, मोठे मासे या थंड दिवसांत तीन आठवडे सहज काढतात. गच्च भरलेल्या किंवा नव्या, उघड्यावागड्या तळ्यात मात्र एक दिवसाआड, चिमटीने मोजून बांधलेल्या कागदी पुड्या ठेवाव्यात, प्रत्येक पुडीवर तारीख लिहावी, आणि एक पुडी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन टाकू नयेत असे स्पष्ट सांगावे. निघण्यापूर्वी पातळी काठोकाठ करावी, पंपाच्या तोंडाशी असलेली गाळणी साफ करावी, आणि शेजाऱ्यांकडून फक्त एवढेच मागावे : दर दोन दिवसांनी संध्याकाळी एकदा पाहावे, आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर फोन करावा.